कापलेला खेळ

“अमेरिकेत जन्मलेल्या पोराला तिथली प्रोफेशनल अकॅडमी बोलावते, आणि हिला कॉलेज पायजे!” चर्चमधली शुक्रवारची मिस्सा आटपून आखातातल्या अबू हमूरच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रेटताना सिल्वेस्टर पुटपुटला. शेजारी बसलेल्या बायकोला, रुथला, ते ऐकू गेलंच. अकॅडमीचा करार केला की कॉलेजच्या फुटबॉल टीमचं दार बंद, हे दोघांनाही माहीत होतं.

“व्हिडिओ बघूनच बोलावलंय ना त्यांनी?” रुथने विचारलं.

पोराच्या खेळाचा तो व्हिडिओ रुथनेच तुकडे जोडून बनवला होता. चुकलेले पास, पायातून निसटलेले बॉल तिने पालेभाजी निवडावी तसे मायेने काढून टाकले होते.

मागच्या सीटवरून त्यांचा पोरगा गॅव्हिन म्हणाला, “टेल हिम, मम्मा.”

“अरे सिल्वेस्टर, ठेवलं त्याहून कापलंच जास्त. आपला गॅव्हिन तेवढा चांगला खेळत नाय.”