पट्ट्यावरचं चौथं नाव

स्टीलच्या डब्याचं झाकण माहनूरच्या लेकीच्या, फरहाच्या हातून निसटलं आणि फरशीवर बराच वेळ गरगरत राहिलं. ते थांबलं तेव्हा दारात उभे असलेले मारोतराव बोलले.

"सूनबाई, हायेत का घरी?"

माहनूर त्यांच्या समोर, चार पावलांवर उभी होती. पाच वर्षांत जिन्यात कितीदा तरी गाठ पडली, पण या माणसाने तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. आज तर समोर असून विचारत होता. आणि म्हणे सूनबाई. काल-परवापर्यंत ती नुसती 'वरचे' होती. वरच्यांनी पाणी सांडलं, वरच्यांचं पोरगं किंचाळते.

"हाये," ती म्हणाली. बसा म्हणाली नाही.

मारोतराव कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. सव्वीस वर्षं गाडीतून चिमूटभर कापूस उचलायचा, दोन बोटांत ताणून तोडायचा आणि शेतकऱ्याकडे मान वर न करता प्रत सांगून टाकायची. केंद्राला कुलूप लागलं, गावातले सरकी काढायचे जिन निम्मे बंद पडले, जिन दुरुस्त करणारा माहनूरचा नवरा फिरोज कामासाठी उमरखेडला जाऊन राहिला. पण मारोतरावांची प्रत लावायची सवय काही गेली नाही. बिल्डिंगमधल्या माणसांनाही त्यांनी अशीच प्रत लावली होती. माहनूरला आपली कोणती लागली ते विचारावं लागलं नाही.

बिल्डिंगखालची जमीन सरकारची, नझूलची. तीस वर्षांचा भाडेपट्टा मारोतरावांच्या नावाने; खालचं घर त्यांचं, आणि वर विकलेले तीन फ्लॅट. चार नंबरचा माहनूरच्या नावाचा, रीतसर खरेदीखत करून घेतलेला. मुदत संपत आली तसा पट्टा वाढवायचा अर्ज खालच्या घरातून गेला. त्यात नावं तीनच होती. नझूलचा माणूस पाहणीला आला, जिन्यातली विजेची मीटरं त्याने मोजली. मीटरं चार, नावं तीन. फाइल परत आली. तेव्हा कुठे आज वरच्यांची आठवण झाली होती.

"सोमवारी नाही देल्ली फाइल, तं चौघायचंही गेलं," मारोतराव म्हणाले. हातातला स्टॅम्पपेपर ते बोटांत चोळत होते, कापसासारखा. "तुमची तेवढी सही राह्यली."

"आता चालते का आमची सही?"

"चालते म्हणजे? लागतेच."

"मागच्या टायमाले नव्हती लागली."

त्यांनी कागद पुढे केला. माहनूरने कागद घेतला आणि मुद्दाम सावकाश वाचला. राहू दे उभा. पाय दुखू देत. चौथ्या ओळीवर ती थांबली. फ्लॅट क्रमांक चार, माहनूर फिरोज, भाडेकरू.

तिला हसूच आलं. चोरी करायची तीही अशी, समोर कागद धरून. हा शब्द एकदा सरकारदरबारी गेला की उद्या घर रिकामं करा म्हणायला हाच माणूस जिना चढून येणार. भांडायला शब्द ओठांवर आले होते. पण याच्याशी भांडण म्हणजे याला आपल्या बरोबरीचा मानणं. तिने टीपॉयवर कागद ठेवला, 'भाडेकरू'वर आडवी रेघ मारली, वर ठळक अक्षरात 'मालक' लिहिलं आणि खाली सही केली.

"एक खाडाखोड झाली. त्याच्या बाजूले तुमची छोटी सही लागन."

"असन. रजत घाईघाईत लिवते." रजत म्हणजे त्यांचा मुलगा. "कुठी करू?"

तिने नुसतं बोट दाखवलं. त्याला सांगायलाही तोंड उघडावं असं तिला वाटत नव्हतं.

मारोतराव टीपॉयपाशी वाकले. पेन खाली आलं आणि कागदाच्या कडेपासून वीतभर लांब, मेणकापडावरच्या निळ्या फुलांवर त्यांनी झोकात दोन अक्षरं काढली. खाली टिंबही दिलं.

माहनूर बघत राहिली.

"तिथं नाही, आजोबा!" फरहा खुदकन हसली. तिने त्यांचं बोट धरलं आणि ओढून रेघेच्या शेजारी टेकवलं. "इथं. हां, आता करा."

त्यांनी केली.

"चष्मा खालीच राह्यला वाट्टे," ते पुटपुटले.

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

माहनूरने कागदाची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली. आपला हात नेमका कुठे आहे हे त्यांना कळेपर्यंत थांबून, तळव्यात टेकवून दिली. ते दाराकडे वळले, चौकट चाचपली, आणि तिथेच थबकले.

"मालक म्हणूनच लिवलं हाये ना, सूनबाई? मागच्या बारीलेही मी रजतले सांगतलं होतं, वरच्यायचं नाव सुटू नको देऊ म्हणून. नझूलवाल्यायनंच गमावलं म्हणे. यावेळी त्यानं मले मालक असं वाचून दाखोलं, तरी म्हटलं आपण तुम्हाले इचारून घ्यावं."

खोटं बोलत असेल का? तिने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. ते भलतीकडे, शिवणयंत्राकडे तोंड करून उत्तराची वाट पाहत होते.

"हो," ती म्हणाली. "मालकच लिवलं हाये."

"मंग झालं तं."

ते भिंतीला हात लावून उतरू लागले. एक, दोन, तीन, असं हळू मोजल्यासारखं काहीतरी वर ऐकू येत होतं. खालून रजतचा आवाज आला, "झाली का सही, बाबा? आणा इकडं."

माहनूर दार लावायला गेली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

फरहा मेणकापडावरची सही ओल्या बोटाने पुसून बघत होती.

"अम्मी," तिने मान वर न करता विचारलं, "आजोबाले दिसत नाही, हे रजतकाकाले मालूम हाये का?"