झल्लाकच्या पाण्यातली ट्यूब

मित्रांनो, मला एका जागी गप्प बसवत नाही. जन्मच गोल मिळाला, त्याला मी काय करू? मी आहे ट्रकच्या मागल्या चाकातली एक जुनी, काळी रबरी ट्यूब. सहा वर्षं टायरच्या आत, अंधारात राहून मी बहरीनमधल्या अस्करच्या रस्त्यावर खडी वाहिली. बाहेरचं जग मला फक्त खड्ड्यांवरून कळायचं. कौतुक व्हायचं ते टायरचं; मला कुणी पाहिलंच नव्हतं. मग एकदा मोठा खिळा घुसला आणि गॅरेजवाल्या तौकीरभाईंनी मला मागच्या अंगणात टाकून दिलं. बहरीनचं ऊन रबराला खातं. दोन उन्हाळे मी तिथे पडून होते. सारखं वाटायचं, कुणीतरी ढकला मला, कुठेही न्या.

तिथून मला प्रवीणने नेलं, समुद्रावर तरंगायला म्हणून. प्रवीण तिथल्याच एका कारखान्यात इंजिनिअर, मूळचा कोकणातल्या हर्णैचा. तौकीरभाईंनी जाता जाता मला पॅच मारून दिला.

प्रवीणच्या घरी तेव्हा कुणालाच चैन नव्हतं. ऑक्टोबरच्या सुट्टीत इंग्लंडमधल्या समुद्रकाठच्या एका लहान गावी जायचं ठरलं होतं. त्याच्या दहा वर्षांच्या मुलीची, श्रेयाची मैत्रीण उमैमा तिथे जाऊन आली होती. तिला विचारून विचारून श्रेयाने यादी केली होती: वाळूचा किल्ला बांधायचा, खेकडे पकडायचे, गाढवावर बसायचं, तळलेला मासा कागदातून खायचा, आणि समुद्रात दूरवर गेलेल्या लाकडी धक्क्याच्या टोकापर्यंत चालायचं. ऐन वेळी प्रवीणची लीव्ह रद्द झाली. श्रेया बाल्कनीतून दारापर्यंत आणि दारातून बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारत राहिली. तिच्या मागोमाग तिचे आजोबाही. प्रवीणचे वडील रावजी आजोबा तीन महिन्यांच्या व्हिजिट व्हिसावर आले होते. चाळीस वर्षं होडीवर काढलेल्या माणसाला चौथ्या मजल्यावर करमणार कसं?

शेवटी आजोबाच म्हणाले, "तिथला समुद्र नाही, तर इथला. आण ती यादी."

शुक्रवारी सगळे झल्लाकच्या किनाऱ्यावर आले. किल्ला झाला. आजोबांनी सुतळीला माशाचं डोकं बांधून तीन खेकडे काढले आणि परत सोडले. श्रेयाच्या आईने, अपेक्षाने, सुरमईच्या तळलेल्या तुकड्या वर्तमानपत्रात बांधून आणल्या होत्या. गाढव काही मिळेना, तेव्हा प्रवीणच वाळूत हातापायांवर उभा राहिला. राहिला फक्त धक्का. आजोबांनी माझ्याभोवती नायलॉनची लांब दोरी बांधली, दुसरं टोक काठावरच्या दगडाला बांधलं, श्रेयाला माझ्यात बसवलं आणि सांगितलं की दोरी संपली, तिथे तुझा धक्का संपला.

श्रेया दोनदा टोकापर्यंत जाऊन आली. तिला ते फार जवळ वाटलं. उमैमा म्हणाली होती की धक्क्याच्या टोकावरून काठावरची माणसं मुंग्यांएवढी दिसतात. तिसऱ्या खेपेला तिने हळूच माझ्याभोवतीची गाठ सोडली. खरं सांगते मित्रांनो, मला आनंदच झाला. मीही कधीपासून सुटायला बघत होते.

तेवढ्यात मतलई वारा सुटला. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा तो वारा आम्हाला भराभर आत नेऊ लागला. माणसं खरोखरच मुंग्यांएवढी झाली, तेव्हा श्रेया दोन्ही हातांनी मला बिलगली. त्यातच माझा नवा पॅच उचकटला आणि सूं सूं करत माझी हवा जाऊ लागली.

आजोबांना पाण्यावर सैल तरंगणारी दोरी दिसली. अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी सदरा काढून पाण्यात उडी घेतली. आमच्यापर्यंत पोहोचले तेव्हा त्यांच्या छातीचा भाता जोरजोरात चालला होता. एक हात त्यांनी श्रेयाभोवती टाकला, दुसऱ्याचा तळवा माझ्या पॅचवर दाबून धरला. वाऱ्याशी झुंजायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. तिला फक्त म्हणाले, "हलू नको, बाय. होडी येईल."

होडी आली. मासेमारीला निघालेल्या अझहरभाईंनी काठावरचा आरडाओरडा ऐकला होता. त्यांनी आम्हाला वर ओढून घेतलं. काठाला लागलो तेव्हा प्रवीण छातीभर पाण्यात उभा होता. हर्णैचा मुलगा असून त्याला पोहता येत नव्हतं. पोराने शिकावं, होडीवर राहू नये, म्हणून आजोबांनी लहानपणी त्याला पाण्याजवळ फिरकू दिलं नव्हतं.

भीतीचा राग झाला. प्रवीण म्हणाला, "बाबा, आता साधी गाठही मारता येत नाही तुम्हाला? तुमचं परतीचं तिकीट उद्याच बघतो."

आजोबांनी दोरीचं टोक हातात घेऊन पाहिलं. आपली गाठ आपोआप सुटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. कुणी सोडली तेही ठाऊक झालं. ते एवढंच म्हणाले, "हात म्हातारे झाले रे."

श्रेया घरात नेहमी इंग्रजीत उत्तर द्यायची. त्या वेळी मात्र ती थांबली, एकेक शब्द शोधून मराठीत बोलली, आजोबांनाही कळावं म्हणून.

"गाठ सुटली नाही. मी सोडली."

 मग प्रवीणने टॉवेल उचलला आणि वडिलांचे ओले खांदे पुसायला लागला. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

अपेक्षाने मला कचऱ्यात टाकायला काढलं होतं. आजोबांनी मला परत तौकीरभाईंकडे नेलं, पॅच पक्का करून घेतला, पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते स्वतः पाहिलं. पुढच्या शुक्रवारी झल्लाकला कमरेएवढ्या पाण्यात माझ्यात कोण बसलं होतं सांगा? प्रवीण. एवढा मोठा माणूस घाबरून माझ्या कडा आवळत होता. आजोबांनी मला दोन्ही हातांनी धरलं होतं.

"पाय मार," ते म्हणाले. "हे मी तुला तेव्हाच शिकवायला हवं होतं."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूला उन्हात फेकू नका, आणि पाण्यात नेण्याआधी तिचे पॅच तपासा. दोरी आखूड वाटली, तर जरूर सांगा. पण ती सोडण्याआधी, ज्या माणसाने बांधली त्याला हाक मारा. तुमच्यामागे पाण्यात उडी घेणारं तेच माणूस असतं.