दुसरी लाइन

दत्तप्रसादला नकाशे फार सुरेख काढता यायचे, आणि घोळ झाला तो तिथेच.

२००४ साली वैभववाडीजवळच्या एका काजू कारखान्यात त्याने ऑफिस ते गोदाम नेटवर्क टाकलं. दोन्हीकडे स्विच, मध्ये केबलच्या दोन लाइनी. एक तुटली तर काम दुसरीवरून चालू राहावं, एवढाच हेतू. नकाशात पहिली रस्त्याकडेने होती, दुसरी तिच्यापासून शंभर फूट लांब, राखणदार देवाच्या दगडाजवळून. पण तिथे खणायचं तर आधी दाजी गुरवाने गाऱ्हाणं घालून देवाची परवानगी घ्यायला हवी, आणि दाजी आठवडाभर मुलीकडे कुणकेश्वरला गेलेला. उद्घाटन तोंडावर आलं होतं. दत्तप्रसादने दोन्ही लाइनी रस्त्याकडेच्या एकाच चरात गाडल्या. नकाशा मात्र होता तसाच ठेवला.

दोन वर्षांनी माळीकाम करणाऱ्या गुणाजीने कलमासाठी खड्डा खणताना कुदळ मारली आणि दोन्ही लाइनी एकदम गेल्या. दिवसभर गोदामातून माल हलला नाही. दत्तप्रसाद धावत आला, केबल जोडल्या आणि साहेब बघायला यायच्या आत चर बुजवून मोकळा झाला.

साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. "एका घावात शंभर फुटांवरची लाइन कशी तुटेल, गुणाजी? रजा दिली नाही म्हणून दोन्हीकडे मुद्दाम तोडलीस. उद्यापासून येऊ नकोस."

बाहेर गुणाजीने दत्तप्रसादला गाठलं. "दत्ता, माझो एकच घाव पडलो रे. चर तूच बुजवलंस, तुका ठावक आसा. सायबाक सांग."

"सांगतंय, काका."

तो साहेबांच्या दारापर्यंत गेलाही. पण त्यांच्याच शब्दावर खारेपाटणचं मोठं काम मिळायचं होतं. तो पाणी पिऊन परतला. स्वतःची शिसारी आली, तरी परतला.

नकाशाप्रमाणे राखणदाराच्या जागेतही कुदळ पडली होती, म्हणून कामगार धास्तावले. शुक्रवारी गाऱ्हाणं ठरलं, गुणाजीलाही बोलावलं. दगडाभोवतीचं गवत जसंच्या तसं उभं होतं, पण वाकून कोण बघतो?

दाजीने नारळ ठेवला. "बा राखणदारा, ह्या गुणाजीन तुझ्या जाग्यार घाव घातलो. चूक झाली ती पोटात घाल, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

गुणाजीने मान खाली घातली. दत्तप्रसादने खरं सांगायला तोंड उघडलं आणि "व्हय म्हाराजा" म्हणाला, सगळ्यांपेक्षा मोठ्याने. लाजेने त्याचे कान तापले.

प्रसाद वाटताना गुणाजीने खोबऱ्याचा तुकडा त्याच्या हातावर ठेवला आणि हळूच विचारलं, "सायबाक सांगलंस मां?"