मागच्या टायरवर नसलेलं अक्षर

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता वेरेना हुम्मेल झोंटहोफेनमधल्या आईवडिलांच्या घरून मोटारसायकलवर निघाली. गाडी वडिलांची, निळी, तेवीस वर्षांची. टायर दोन्ही कोरे. बाजूच्या पेट्या गच्च भरलेल्या. मागची सीट तेवढी मोकळी, कारण लांडेकच्या स्टेशनवर तिची मैत्रीण इल्का तिच्यामागे बसणार होती. तिथून दोघींनी स्टेल्व्हिओची खिंड चढायची आणि पलीकडे इटलीत चार दिवस हिंडायचं, असा बेत होता.

लोरेन्झ हुम्मेल फाटकात उभे होते.

"पहिले शंभर किलोमीटर जपून. नवं रबर निसरडं असतं."

"पापा, हे तू काल जेवताना सांगितलंस, मी दात घासत होते तेव्हा सांगितलंस, आणि आता हेल्मेट घालतेय तर परत सांगतोयस."

"ओल्या वळणावर..."

"गाडी फार आडवी करायची नाही. पाठ आहे." तिनं हेल्मेटची काच खाली ओढली.

गाडीचा आवाज हिंडेलांगच्या दिशेनं विरत गेला, तरी लोरेन्झ तिथेच उभे. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या बायकोनं, गेर्लिंडेनी, हाक मारली, "ये आता आत. तू रस्त्याकडे बघत बसलास म्हणून ती काही हळू जाणार नाही."

लोरेन्झनी उभी हयात वाहनतपासणी केंद्रावर काढली होती. दर दोन वर्षांनी खोऱ्यातली प्रत्येक मोटारसायकल त्यांच्या हाताखालून जायची आणि टायरमध्ये खोट दिसली की तिथूनच परत फिरायची. चर्चच्या पाद्र्याची स्कूटरसुद्धा त्यांनी भर थंडीत ढकलत परत न्यायला लावली होती, असं लोक अजून सांगतात. गुडघा बदलला आणि त्यांचं स्वतःचं गाडी चालवणं संपलं. निळी गाडी गॅरेजात चादरीखाली गेली. जुलैमध्ये वेरेनानं ती मागितली, तेव्हा त्यांनी हो म्हणण्याआधी चादर उचलून टायर पाहिले.

खाचा चांगल्या खोल होत्या. पण प्रत्येक टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, तो कोणत्या वर्षी कितव्या आठवड्यात साच्यातून निघाला ते सांगणारे. त्या आकड्यांप्रमाणे हे टायर नऊ वर्षांचे होते. रबरात नख रुतत नव्हतं. कायद्याची काही हरकत नव्हती. केंद्रावर असते तर लोरेन्झनी स्वतः शिक्का मारून गाडी सोडली असती. पण ही गाडी वेरेना चालवणार होती.

मग तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर टायर हा एकच विषय. वेरेना आउग्सबुर्गहून फोनवर भांडायची. तिला शर्यतीच्या गाड्यांसारखा मऊ टायर हवा होता.

"गरम झाला की तो रस्त्याला चिकटतो, पापा."

"गरम झाला की. सप्टेंबरात स्टेल्व्हिओवर पाच अंश असतात. तुझा टायर गरम होईपर्यंत तू दरीत पोचलेली असशील."

"ताट पुढ्यात असताना दरी नको," गेर्लिंडे म्हणाल्या.

शेवटी लोरेन्झनी लांबच्या प्रवासाचा टायर ठरवला. मध्ये टणक, कडांना मऊ, पावसाचं पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचांचा. तो दोन प्रकारांत मिळायचा. एक साधा. दुसरा वजनदार गाड्यांसाठी. वरचं रबर तेच, पण आतला सांगाडा जास्त ताठ. ओळखायची खूण एवढीच की दुसऱ्याच्या नावापुढे एक अक्षर जास्त. दोन माणसं आणि भरलेल्या पेट्या घेऊन साध्या टायरवर वेगानं वळलं तर तो दबतो आणि गाडीचं मागचं अंग डुलायला लागतं. ही निळी गाडी वजनदारांतलीच. लोरेन्झनी वेंडेलकडे दोन्ही टायर अक्षराचे मागवले. गावाबाहेर नदीकाठी वेंडेलचं टायरचं दुकान आहे आणि मोटारसायकल क्लबातली दोघांची जुनी मैत्री.

बुधवारी टायर आले. पुढचा याच वसंतातला. मागचा दोन वर्षांपूर्वीचा. लोरेन्झनी तो हातात घेऊन फिरवला, आकडे वाचले आणि परत दिला.

"अरे, गोदामात अंधारात झोपलेलं रबर आहे ते," वेंडेल म्हणाला. "कुणी अंगणात वाळत नव्हतं घातलं."

"दोन वर्षांचं आहे."

"माझा कुत्रा बारा वर्षांचा आहे, तो अजून ब्रेक चांगला मारतो."

"वेंडेल, ताजा मागव. माझी पोरगी बसणार आहे त्याच्यावर."

वेंडेलनं तीन गोदामांना फोन केले. गुरुवारी संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या बेताला, दुसरा टायर आला. लोरेन्झनी चष्मा लावला, चार आकडे शोधले. मे महिन्यातला. त्यांनी वेंडेलचा हात हातात घेऊन जोरात हलवला. टायर चढला, चाक गाडीला लागलं.

शनिवारी वेरेना गेल्यावर लोरेन्झना घरात करमेना. गेर्लिंडेनी आलुबुखाराचा केक भाजला होता. "जा, वेंडेलला देऊन ये," त्या म्हणाल्या. "आणि आभार मान. तुझ्यासारखं गिऱ्हाईक मी दारातूनच परत पाठवलं असतं."

दुकानात गर्दी होती. लोरेन्झनी डबा टेबलावर ठेवला आणि वाट पाहत भिंतीशी उभे राहिले. तिथे खुंटीवर त्यांनी नाकारलेला टायर टांगलेला होता. सवयीनं त्यांचा अंगठा त्याच्या बाजूवरून फिरला. माप. किती वजन पेलतो त्याचा आकडा. मग नाव. नावापुढचं अक्षर.

अंगठा तिथेच थांबला. आकडे वाचल्याचं त्यांना आठवत होतं. गुरुवारच्या टायरवर हे अक्षर पाहिल्याचं आठवेना.

"वेंडेल."

"आलो." त्याच्या तोंडात केकचा घास होता. "गेर्लिंडेला सांग, तू गेलास की मी तिच्याशी लग्न करीन."

"गुरुवारचा टायर. त्याच्यावर हे अक्षर होतं?"

वेंडेल चावायचा थांबला. त्यानं संगणकात पाहिलं, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"नव्हतं," तो म्हणाला. "साधा आहे."

"मी अक्षराचा सांगितला होता."

"पहिल्यांदा सांगितला होतास, तो तुझ्यासमोर टांगलाय. मग म्हणालास, ताजा पाहिजे. ताजा साध्यातच होता. मी फोनवर फक्त तारीख विचारली, कारण तू फक्त तारीख विचारत होतास." वेंडेलनं हात झाडले. "तू चष्मा लावून वाचलास की."

"आकडे वाचले."

"बाजूला नाव होतं ना, लोरेन्झ. आयुष्यभर लोकांना..."

मागे एक गिऱ्हाईक खोकलं. वेंडेलचा आवाज खाली आला. "हे बघ, माप तेच, वजनाचा आकडा तोच. तुझ्या केंद्रावरसुद्धा कुणी अडवलं नसतं. अर्धं खोरं त्या टायरवर फिरतं."

"एकेकटं फिरतं. अंगाखाली हलक्या गाड्या घेऊन."

"हो," वेंडेल म्हणाला. "तेही खरं."

लोरेन्झ डबा तिथेच विसरून घरी आले. वेरेनाला फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ती फोन घेत नाही, हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

गेर्लिंडेच्या फोनवर मुलगी कुठे आहे ते नकाशावर एका ठिपक्यानं दिसायचं. लोरेन्झ त्याला हेरगिरी म्हणायचे. आता ते हात पुढे करून उभे होते.

"का? आज हेर व्हायचंय?"

"गेर्लिंडे, दे."

त्यांचा चेहरा पाहून गेर्लिंडेनी फोन दिला. ठिपका लांडेकच्या वाटेवरच्या फर्नपास खिंडीच्या अलीकडे होता, हळूहळू सरकत. लोरेन्झनी खुर्चीवर बसून काय झालं ते सांगितलं. गेर्लिंडे ठिपक्यावर नजर ठेवून ऐकत होत्या. शेवटी विचारलं, "एकटी आहे तोवर धोका कमी?"

"कमी."

"म्हणजे लांडेकच्या आधी गाठायला हवं."

दोघांनी मिळून निरोप लिहिला. लोरेन्झना त्यात सांगाडा, दाब, तापमान सगळं घालायचं होतं. गेर्लिंडेनी ते पुसलं आणि लिहिलं: लांडेकला पोचलीस की लगेच फोन कर, इल्काला बसवण्याआधी.

साडेदहाला फोन आला. मागे स्टेशनवरची घोषणा ऐकू येत होती.

"पापा! गाडी रुळावरून चालल्यासारखी चालतेय. सांगायचंच होतं तुला, टायर काय निवडलेस!"

"वेरेना, मागचा टायर चुकीचा आहे."

"काय?"

"साधा आहे. वजनदार गाडीचा नाही. माझी चूक. दोघी बसलात आणि पेट्या भरलेल्या असल्या तर तो दबेल. वळणात गाडी मागून हलेल."

"पण ताजा आहे ना?"

"ताजा आहे."

"माप बरोबर आहे?"

"बरोबर आहे, पण..."

"पापा, ऐक. जुलैत तू म्हणालास जुने टायर जीव घेतील. बुधवारी म्हणालास दोन वर्षांचा जीव घेईल. आज सकाळी म्हणालास नवा घसरवेल. आता हा ताजा, मापाचा, कोरा टायर, हासुद्धा?"

"या वेळी खरं आहे."

"प्रत्येक वेळी खरंच असतं तुझं." तिचा आवाज चिडका नव्हता, थकलेला होता. मागून कुणीतरी विचारलं, काय झालं? वेरेना तोंड बाजूला करून म्हणाली, "काही नाही गं, माझे पापा. टायर." आणि दोघी हसल्या.

लोरेन्झनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "प्राडहून वर खिंडीपर्यंत बस जाते. इल्काला बसनं पाठव. पेट्यांतलं सामानही तिच्याकडे दे. तू एकटी सावकाश चढ. एवढं कर."

"ती म्युनिकहून बसमध्ये बसायला आलीये का?"

"वेरेना."

"बरं, बघते. मागे हवा थोडी वाढवू?"

"वाढव. थोडीच. आणि बघते म्हणजे काय?"

उत्तर आलं असेल, पण त्याच वेळी मागून आगगाडी धडधडत गेली, आणि फोन बंद झाला.

"बघते म्हणजे हो की नाही?" लोरेन्झनी विचारलं.

"तुझी मुलगी आहे, तू सांग."

"माझी असती तर टायरवरचं नाव वाचलं असतं तिनं."

"तू कुठे वाचलंस?" गेर्लिंडे म्हणाल्या, आणि लगेच त्यांनी हात त्यांच्या खांद्यावर ठेवला.

दुपारपर्यंत दोघं त्या ठिपक्याशी बसून होते. तो रेशेनची खिंड ओलांडून तळ्याच्या काठाने खाली उतरला. सरळ रस्त्यावरही ती खरंच सावकाश चालली होती, की नकाशावर ठिपका तसाच दिसतो, हे लोरेन्झना ठरवता येईना. वेंडेलचा फोन आला. त्यानं अक्षराचा टायर काढून ठेवला होता. वेरेना जिथे थांबेल तिथल्या दुकानाशी बोलतो, म्हणाला. "आणि लोरेन्झ, मीही अक्षर बघायला हवं होतं." लोरेन्झ "हं" म्हणाले.

एक वाजता ठिपका प्राडला थांबला. चढ सुरू होण्याआधीचं शेवटचं मोठं गाव. स्टेल्व्हिओची बस तिथूनच सुटते. गेर्लिंडेनी सूप गरम केलं, कुणी घेतलं नाही. त्यांनी निरोप पाठवला: इल्का बसमध्ये आहे का? निरोप पोचल्याची खूण आली, वाचल्याची नाही.

बस सुटायची वेळ झाली. पाठोपाठ ठिपकाही हलला.

"बसच्या मागोमाग चाललीये," गेर्लिंडे म्हणाल्या. "म्हणजे इल्का बसमध्ये असेल. सोबत म्हणून मागे राहिली असेल."

"किंवा दोघी जेवून निघाल्या आणि बस पुढे आहे." लोरेन्झनी स्क्रीन दोन बोटांनी मोठी केली. ठिपका मोठा झाला, गाडीवर किती माणसं आहेत ते त्यात दिसत नव्हतं.

ट्राफोईला ठिपका करडा पडला. त्या दरीत फोन लागत नाहीत, हे लोरेन्झना तरुणपणापासून ठाऊक होतं. तिथूनच खरी वळणं लागतात, एकावर एक रचलेली.

खिंडीच्या माथ्यावरच्या हॉटेलनं रस्त्याकडे तोंड करून कॅमेरा लावलेला आहे. दर काही मिनिटांनी नवं चित्र येतं. लोरेन्झनी ते संगणकावर उघडलं. कॅमेऱ्याच्या काचेवर पावसाचे थेंब होते. रस्ता काळा, चमकणारा. सॉसेजच्या गाड्याजवळ माणसं डोकी खाली घालून उभी.

पुढच्या चित्रात बस आलेली होती. दारातून माणसं उतरत होती. पावसाळी टोप्यांत चेहरे दिसत नव्हते. शेवटच्या बाईच्या हातात काहीतरी गोल होतं.

"हेल्मेट," गेर्लिंडे म्हणाल्या.

"पिशवी असेल."

"हेल्मेट आहे, लोरेन्झ."

ते स्क्रीनच्या इतके जवळ गेले की चित्राचे चौकोन दिसू लागले. इल्काला दोघांनीही कधी पाहिलेलं नव्हतं.

त्यानंतरचं चित्र दोन वाजून वीस मिनिटांनी आलं. बस वळून खाली निघाली होती. गोल वस्तूवाली बाई चित्रात नव्हती. भिंतीलगत चार मोटारसायकली उभ्या होत्या, निळी त्यांत नव्हती. गेर्लिंडेच्या फोनवर ठिपका अजून ट्राफोईतच, करडा.