बेचक्याची वाट

हेमांगीला कामाचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "जरा भाऊंना द्या ना." ती म्हणायची, "भाऊ मीच, बोला." मग पलीकडे जी शांतता पडायची ती तिला मनापासून आवडायची. वडील, बळीराम, गेले तेव्हा उमेळे गावातल्या चार शहाण्यांनी तिला बजावलं होतं, बाईमाणसाचं हे काम नव्हे, टेम्पो आणि मशीनची करवत विकून टाक आणि शिवणाचा क्लास काढ. ती दुसऱ्याच दिवशी कमरेला दोर बांधून त्या चारांतल्याच एकाच्या दारातला माड साफ करायला चढली. त्याने खाली उभं राहून नारळ मोजले, दुसरं काय करणार!

झाडं छाटायची, वाकलेली उतरवायची, वाड्यांना आणि इमारतींना कुंपणं घालायची, हा तिचा धंदा. हाताखाली रामनाथ, वडिलांच्या वेळेपासूनचा. नवरा भूपेश शाळेची व्हॅन चालवायचा. घर चालायचं, पण खरा आधार उमेळ्यातल्या नव्या सोसायट्यांच्या छाटणीचा. पावसाआधी एकीकडून दुसरीकडे असं सलग काम मिळायचं, आणि ते मिळायचं दिनानाथकाकांच्या शब्दावर.

दिनानाथकाका 'वनश्री' सोसायटीचे सेक्रेटरी. चिकूची वाडी तोडून बांधलेल्या इमारतींना वनश्री नाव, बिल्डर लोकांना असल्या थट्टा बऱ्या सुचतात. काका बँकेतून निवृत्त होऊन दादरहून इथे आले होते, आणि माणूस सरळ होता. एकदा आंब्याची फांदी कुणाच्या खिडकीवर आली. दुसरा सेक्रेटरी असता तर म्हणाला असता, रविवारी पहाटे तोडून टाका, कोण बघतंय. काका म्हणाले, "आधी पालिकेची परवानगी. झाड आहे ते. नियम तो नियम." हेमांगीला तेव्हा त्यांचा आदर वाटला होता, आणि पुढे जे झालं त्यानंतरही तो सगळा काही गेला नाही.

त्या वर्षी सोसायटीच्या मागच्या बाजूला जाळीचं कुंपण घालायचं ठरलं. कुणाची सायकल गेली होती, कुणाच्या स्कूटरची बॅटरी. हेमांगी माप घ्यायला गेली आणि एका जागी थांबली. तिथून मागच्या वाड्यांकडे पायवाट जात होती. वाडीवाली कृष्णाबाई रोज त्याच वाटेने मुळे, माठ, वाल घेऊन रस्त्याला यायची आणि वाटेत वनश्रीच्या बायकांना भाजी द्यायची. वाट इमारतीच्या कितीतरी आधीची.

"इथे वाट सोडावी लागेल, काका," हेमांगी म्हणाली.

"एकही फट नको. नकाशात वाट नाही."

"पायाखाली आहे."

काकांनी चष्मा पुसला. "हे बघा हेमांगीताई, कुंपणात भोक ठेवायचं तर कुंपण घालायचं कशाला? तुमचं काम चांगलं आहे म्हणून मी बाकीच्या सोसायट्यांना सांगतो. माझा शब्द खाली पडू देऊ नका." आवाज चढला नव्हता, पण धमकी ती धमकीच.

बळीराम म्हणायचे, "कुंपन गुराला, मानसाला नाय." त्यांच्या हातचं कुंपण कधी सलग नसायचं. वाट असेल तिथे ते बेचकं रोवायचे, म्हणजे दोन फांद्यांचं जाडसर लाकूड. गुडघ्याएवढ्या उंचीवर त्याला दोन हात फुटलेले असत. माणूस पाय उचलून मधून पलीकडे जाई, गाईम्हशीला ते जमत नसे. आणि बेचक्याची एक रीत होती. डोक्यावर ओझं घेऊन ओलांडता येत नाही, म्हणून पलीकडे जो कोणी उभा असेल त्याने येणाऱ्याचं ओझं धरायचं. मग तो वाडीच्या हिश्शासाठी कोर्टात गेलेला चुलता का असेना. वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं त्या जागी एकमेकांच्या टोपल्या धरताना हेमांगीने लहानपणी पाहिली होती.

तिने लोखंडी अँगल रोवले, जाळी ताणली, आणि वाटेपाशी येऊन टेम्पोतून भेंडीचं बेचकं काढलं, भाजीची नव्हे, खाडीकाठी मोठं झाड होतं ती भेंडी. रामनाथने त्याला नख लावून पाहिलं. साल हिरवी होती. कुंपणाचं लाकूड वाळलेलं घ्यायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. भेंडीचं ओलं लाकूड जमिनीत गेलं की मुळं धरतं, आणि मग कुंपण कुंपण राहत नाही.

"बाय, चुकून वल्लं आनलंस. ह्या रुजंल."

"ऱ्हवंदे. रोव."

रामनाथने तिच्याकडे एकवार पाहिलं आणि पहार उचलली.

संध्याकाळी काका खाली आले. जाळी बघून खूश झाले, बेचकं बघून चेहरा उतरला. "हे काय?"

"वाट."

"मी नको म्हटलं होतं."

"हो. आणि मी सोडावी लागेल म्हटलं होतं. वाट बंद करणारं कुंपण आमच्या घरात कुणी घातलेलं नाही. तुम्हाला चालत नसेल तर सगळं उपटून नेते, जागा होती तशी करून देते."

काकांनी उपटू दिलं नाही. पण दुसऱ्या दिवशी वॉचमनकडून बेचक्यावरून काटेरी तार आवळून घेतली आणि बाकीच्या सेक्रेटरींना फोन केले. त्या मोसमात वनश्रीच्या आसपास एका झाडाची फांदीसुद्धा हेमांगीच्या वाट्याला आली नाही. तुळिंजहून दुसरा माणूस आला आणि छाटणी करून गेला. ती ज्या आंब्यांना दरवर्षी हात लावायची ते रस्त्यावरून स्कूटरने जाताना बघून तिला राग आला, आणि रडूही आलं. रडणं तिने हेल्मेटमध्येच ठेवलं.

गिरीजला केळीच्या वाडीचं एक कुंपण मिळालं, बाकी किरकोळ. पावसाळा कसाबसा निघाला. गणपतीनंतर भूपेशने जेवताना विषय काढला. टेम्पो नुसता दारात उभा आहे, विकला तर थोडी उसंत मिळेल.

"नायतर काकांची माफी माग," तो म्हणाला. "शब्दच तो, काय जातंय?"

"वाट जाते."

भूपेशने भात वाढून घेतला. तो चुकीचं बोलत नव्हता हे तिला कळत होतं, म्हणून जास्त झोंबलं. टेम्पो विकला असता तर ते चार शहाणे पेढे मागायला आले असते.

आणि दसऱ्याच्या सुमारास काकांचाच फोन आला. "एकदा येऊन जा."

ती रामनाथला घेऊन गेली. काटेरी तार पार खाली दबली होती. तुळिंजच्या माणसाने पुन्हा आवळून दिली होती, पुन्हा दबली होती. मधे बेचकं उभं होतं, आणि त्याच्या दोन्ही हातांना पानं आली होती, पिंपळासारखी, तुकतुकीत. एका फांदीवर भेंडीचं पिवळं फूलही होतं.

"ज्याने रोवलं त्यानेच काढावं म्हणून तुम्हाला बोलावलं," काका म्हणाले. "हे उपटा. इथे अँगल घाला, जाळी पक्की करा. झालं गेलं विसरून जाऊ. सगळ्या सोसायट्यांची छाटणी पुन्हा तुमच्याकडे. आजच फोन करतो."

हेमांगीला हो म्हणावंसं वाटलं, खोटं कशाला सांगा. दारातला टेम्पो डोळ्यांपुढे आला. मग तिने तार पाहिली. ती वाडीच्या बाजूने नव्हे, सोसायटीच्या बाजूने दाबलेली होती. मातीत चपलांचे ठसे होते, चांगल्या चपलांचे.

"आतूनच कुणीतरी दाबतंय, काका."

"मी दाबते," मागून आवाज आला. काकांच्या पत्नी, विनयाकाकू, पिशवी घेऊन उभ्या होत्या. "मी आणि वरच्या मजल्यावरच्या दोघी. कृष्णाबाई यायची बंद झाली, मग आम्ही जातो. परवा साडी फाटली. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही मीटिंग बोलावली असती."

काका बायकोकडे न बघता हेमांगीकडे वळले. म्हणाले, "ते राहू द्या. तुम्ही हे उपटा."

"नाही उपटणार. हे झाड आहे आता."

"झाड कसलं? खांब आहे."

"पानं बघा, फूल बघा. परवानगीचा अर्ज तुम्हाला करावा लागेल, आणि हरकत मी घेईन. गाव घेईल. नियम तो नियम, तुम्हीच शिकवलंत."

काकांना उमजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे तुम्ही मुद्दाम ओलं लाकूड रोवलंत?"

"मुद्दाम." तिने मान खाली घातली नाही. "कोरडं असतं तर तुम्ही त्याच रात्री काढून टाकलं असतंत."

मग तिने टेम्पोतून कटर आणला आणि काटेरी तार दोन्हीकडून तोडली. रामनाथने ती गोल गुंडाळून बाजूला ठेवली. कुणी अडवलं नाही.

"यापुढे तुम्हाला इथे काम मिळणार नाही," काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

"नका देऊ. मी मागायला आले नव्हते, तुम्ही बोलावलंत." तिने कटर पुसून रामनाथकडे दिला. टेम्पो विकायचा नाही, एवढं मात्र तिथेच ठरलं. गिरीज आहे, तुळिंज आहे, झाडं काय फक्त वनश्रीतच वाढतात?

तेवढ्यात वाडीकडून कृष्णाबाई आली. तार गेलेली तिला लांबूनच दिसली असावी, कारण पावलं भराभर पडत होती. डोक्यावर भाजीची भरलेली टोपली. ती बेचक्यापाशी थांबली, टोपली उतरवली आणि पलीकडे कोण उभं आहे हे न बघता सरळ पुढे केली.

"धर रं बाबा."

पलीकडे दिनानाथकाका उभे होते. ते भांबावले, पण हात आपोआप पुढे झाले. पाणी मारलेल्या मुळ्यांची जड टोपली त्यांनी दोन्ही हातांनी धरली, शर्टाची बाही भिजली. कृष्णाबाईने लुगडं सावरलं, बेचक्याच्या पानांवरून हात फिरवला आणि पाय उचलून अलीकडे आली. आल्या आल्या ती विनयाकाकूंशी बोलायला लागली. इतक्या महिन्यांचं साठलेलं होतं.

काका टोपली घेऊन तसेच उभे. शेवटी म्हणाले, "अहो बाई, ही कुठे ठेवू?"

"खाली ठेव नं," कृष्णाबाई मान न वळवता म्हणाली, "आनि हात मोकलं कर. मागशी आल्बिना येते टोपली घेऊन, तिचीबी धरायची हाय."