गुलाबी हलवा

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी परात आहे. पुण्याच्या तांबट आळीत हातोडे खात घडले आणि कुमुदच्या लग्नात रुखवतात मांडली गेले. आता गाझियाबादच्या एका बाल्कनीत एसीचं पाणी झेलते. पण मी माझं रडगाणं गायला बसलेली नाही.

माझं काम संक्रांतीचं. मी मंद आचेवर तापायचे. कुमुद माझ्यात तीळ टाकायची, त्यावर चमचाभर साखरेचा पाक, आणि बोटांनी फिरवत राहायची. हे काम पळीने होत नाही. चटका बसला की बोटांनाच कळतं, आच कमी करायला हवी. असं दिवसचे दिवस केलं की तिळावर पांढरा काटा फुटायचा. हळदीकुंकवाला आलेल्या बायका त्या काट्याचं कौतुक करायच्या. बोटांकडे एकीनेही बघितलं नाही.

कुमुदला मधुमेह जुना. दिवाळीनंतर ती मुलाला म्हणाली, बोटं बधिर वाटतात. धीरज हसला. म्हणाला, दिल्लीची थंडी आहे आई, सगळ्यांचंच होतं. सुनेने, क्षिप्राने, हातमोजे मागवले. विषय संपला. लॅपटॉप जरा तापला तरी सर्व्हिस सेंटरला धावणारी माणसं ही!

जानेवारीत नातीचं, राधाचं, बोरन्हाण ठरलं. हलव्याचे दागिने मीच करणार, असा कुमुदने हट्ट धरला. त्या दिवशी मी फार तापले होते. दरवर्षी चटका बसला की ती बोट कानाच्या पाळीला लावायची. मी वाट बघत राहिले. बोटं फिरतच राहिली. परातीला ओरडता येत नाही, मित्रांनो.

क्षिप्रा स्वयंपाकघरात डोकावली. "अच्छा, यंदा गुलाबी केलात, आई? छान दिसतोय."

"रंग कुठे घातलाय मी?" असं म्हणत कुमुदने बोटं उलटी करून बघितली. फोड येऊन फुटले होते, रक्त पाझरत होतं.

हलवा कचऱ्यात गेला. राधाला विकतचे दागिने घातले, फोटो मस्त आले. कुमुदने तिच्या हारातला एक दाणा बँडेजबाहेरच्या बोटांत धरला, बराच वेळ चाचपला.

"धीरज, काटा आलाय का रे याला?"



जखमा चिघळल्या. दोन बोटांची टोकं कापावी लागली. तेव्हापासून मी बाल्कनीत आहे.

मित्रांनो, मला चिंच लावून चकचकीत करू नका. तुमच्या घरात गोडधोड करणारी जी कोणी असेल, तिचा हात हातात घ्या. बोटाला हळूच चिमटा काढा. "लागलं" म्हणाली, तर तुमचं नशीब. नाही म्हणाली, तर थंडीचं नाव सांगू नका.