शेजारच्या सीटचं माप

गाडीत सीट पक्की करायला वेल्डर दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता आणि मुलगी अजून गाडीत बसायला तयार नव्हती. ती गॅरेजच्या दारात माझी गाडीच्या कामांची वही उघडून उभी होती. मी बॉनेटवर उगाच फडकं फिरवत होतो.

गाडी आमच्या लग्नाच्याही आधीची. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. वळणावर जोरात घातली की शेपूट बाहेर टाकते. डेपोत तीस वर्षं बसचे गिअरबॉक्स उघडले, पण ही गाडी रॅलीसाठी बांधायची, ते राहूनच गेलं. रॅलीत रस्ता बंद करून एकेक गाडी सोडतात. एकजण चालवतो, दुसरा शेजारी बसून पुढची वळणं वहीतून वाचून दाखवतो. आमच्यात वाचणारी ठरलेली होती. बाजारात जातानाही आमची ही सराव करायची. "डावं वळण, आवळत जाणारं, पुढे कुत्रं झोपलंय. अहो, ऐकताय ना?"

ती गेल्यावर आठ महिने गाडीवर कापड होतं.

दुसरं माणूस नसेल तर रॅलीत घेत नाहीत. मुलीला मी सांगून ठेवलं होतं, तू नाही म्हणालीस तर वेल्डरला नको म्हणून कळवतो आणि कापड परत टाकतो.

"बाबा, खरं सांगा," ती म्हणाली. "जीव नकोसा झालाय म्हणून चाललंय का हे?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. रोज सकाळी दात घासताना मी स्वतःला तेच विचारत होतो. मी तिला वहीचं पुढचं पान वाचायला सांगितलं. छत दबू नये म्हणून आतून पाइपांचा पिंजरा. नवे पट्टे. ब्रेकच्या नळ्या सगळ्या नव्या. आग विझवायचे दोन सिलिंडर.

"दोन कशाला?"

"एक तुझ्या हाताशी."

तिने वही मिटून बॉनेटवर ठेवली. मग चपला काढून आत बसली. सीट अजून सुटीच होती, ती कुठे बसवायची त्याची खाली पत्र्यावर मी खडूने रेघ मारून ठेवली होती. तिचे गुडघे डॅशबोर्डला टेकले.

"इथे मावणार कोण?" म्हणाली, आणि तिने खाली रेघेकडे पाहिलं. मीही पाहिलं. टेप न लावता, सवयीने मारलेली रेघ.

"हे आईचं माप आहे," ती म्हणाली.

पुसतो म्हणालो. फडकं सापडेना. ते माझ्या हातातच होतं.

तिने उतरून सीट चार बोटं मागे सरकवली, परत बसली, पाय लांब करून पाहिले. माझ्याकडून खडू घेऊन तिने स्वतः रेघ मारली, वाकडीच.

"आधी हळू चालवायची. मी ओरडले की थांबायचं."

"वाचायचं असतं. ओरडायचं नसतं."

"आई काय करायची?"

"ओरडायची."

सकाळी वेल्डरने विचारलं, कुठल्या रेघेवर? मी म्हणालो, मागच्या. त्याने तेवढाच रंग घासून काढला आणि सीटचे पाय पक्के केले.

पुढची रेघ आता मुलीच्या पायांखाली येते. तिथे रबरी मॅट टाकायची आहे. वहीत लिहून ठेवलंय. अजून टाकलेली नाही.